आतली शिवण

मित्रांनो, सायकलवरून पडल्याचा एखादा वण तुमच्याही गुडघ्यावर असेल. तो तुम्ही दहा जणांना दाखवता, वर फुशारकीही मारता. मी पण एक वणच आहे, तसा जुना. पण ऑपरेशनच्या टेबलाभोवतीची माणसं सोडली तर मला कुणीही पाहिलेलं नाही. मी गुडघ्यावर नाही, कोपरावर नाही. मी चैतालीच्या पोटात आहे. ज्या पिशवीत बाळ वाढतं, त्या पिशवीवर, खालच्या अंगाला, आडवा पडलेला. डॉक्टर तिला गर्भाशय म्हणतात, आमच्या सोलापुरात बायका सरळ 'पिशवी' म्हणतात.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव शांत नाही. मला गप्प पडून राहवत नाही. तुम्हाला कुणी अंधारात कोंडलं असतं आणि वर नऊ महिन्यांचं ओझं धरायला लावलं असतं, तर तुम्ही तरी गप्प बसला असता का? मला डोळे नाहीत, पण ऐकू सगळं येतं, आणि न दिसलेलं बोलण्यातून कळतं. त्यामुळे जीवाला आणखी घोर.

माझा आणि बुद्धप्रियाचा वाढदिवस एकच. बुद्धप्रिया ही चैतालीची थोरली मुलगी. दरवर्षी तिचा केक कापतात, फुगे लावतात, आणि माझं कुणी नावही काढत नाही. कापाकापीतून जन्मलो मी आणि केक तिचा! असू दे.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. चैतालीला सकाळपासून कळा येत होत्या. दुपारी बाळाचे ठोके एकाएकी कमी झाले. दवाखान्यात पळापळ झाली. एका तरुण डॉक्टरांनी पिशवीवर छेद घेतला आणि बघता बघता बुद्धप्रियाला बाहेर काढलं. ती अशी काही किंचाळली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण रक्त थांबेना. पलीकडे दुसरी बाई ऑपरेशनसाठी तळमळत होती. डॉक्टरांनी वाकडी सुई घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मला एकाच थरात शिवून टाकलं. प्रत्येक टाक्याला फास, शर्टाच्या काजाला घालतात तसा, आणि वर दोरा गच्च ओढलेला. रक्त थांबलं.

मी त्यांना नावं ठेवणार नाही. दोन जीव वाचवले त्यांनी. पण माझं काय झालं तेही सांगायला नको का? घाईत माझे दोन काठ एकमेकांसमोर नीट बसले नाहीत. पिशवीला आतून एक मऊ अस्तर असतं, तेही शिवणीत सापडलं. दोरा इतका आवळलेला की काठांना पुरेसं रक्त मिळेना. मी तिथेच कुरकुरायला लागलो होतो.

मग डॉक्टरांनी वरची कातडी शिवली. तो बाहेरचा वण म्हणजे आमचे धाकटे बंधू. जन्म माझ्यानंतरचा, रुबाब मात्र थोरल्याचा! घरी गेल्यावर बाळंतिणीला बघायला बायका यायच्या. बाळाच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवून झाले, की पहिला प्रश्न ठरलेला, "टाकं बगू कसं हायत?" आणि चैतालीच्या सासूबाई, केसरबाई (चैताली त्यांना 'आत्या' म्हणते), मोठ्या कौतुकानं सुनेचा पदर जरा बाजूला करायच्या.

"अगंबया! केसावाणी बारीक! दिसत बी न्हाय की!"

"सुकलं बी लगीच," केसरबाई म्हणायच्या. "लई भारी शिवलंय डॉक्टरनं."

धाकट्या बंधूंना रोज खोबरेल तेल. शेजारणीनं कुठलं तरी मलमही आणून दिलं. आणि मी? मी आत अर्धामुर्धा भरलेला, चारी बाजूंनी ओढ बसलेला. मला वाटायचं, एकदा तरी कुणीतरी विचारावं, की बाई, आतलं कसं आहे? छे! वरचं सुकलं म्हणजे सगळं सुकलं, असा तिथला हिशेब. केसरबाई वाईट नाहीत हो. महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या, बुधवार पेठेतल्या राहत्या दोन खोल्या त्यांनीच उभ्या केल्या. पण त्यांना जे दिसलं तेच त्यांनी धरलं. मग चैतालीही पाण्याच्या बादल्या उचलायला लागली. सव्वा महिना झाला न झाला तोच ती कारखान्यात मशीनवर जाऊन बसली. ती शाळेचे गणवेश शिवते. सोलापूरचे गणवेश कुठं कुठं जातात म्हणे. तिच्या हातचा सदरा घालून कदाचित तुमच्यापैकीच कुणीतरी शाळेत गेलं असेल.

इकडे माझा दोरा हळूहळू विरघळून गेला. तो विरघळणाराच असतो, मित्रांनो. त्यानंतर जे काही धरायचं ते माझं मलाच धरायचं होतं. आणि मी तर पातळ भरलेला. आतल्या बाजूनं माझ्यात एक खाच राहिली होती. दर महिन्याला त्या खाचेत थोडं रक्त साठायचं आणि पाळी संपल्यावरही पुढं कित्येक दिवस थेंब थेंब जात राहायचं. चैताली वैतागायची. शेजारीण म्हणायची, "बाईच्या जातीला हे असायचंच." मला असा राग यायचा! असायचंच काय? माझ्यामुळे होत होतं ते, कुणी बघायला तर हवं!

शेवटी एकदाची ती डॉक्टर ज्ञानदा मॅडमकडं गेली. मॅडमनी आतून सोनोग्राफी केली. बराच वेळ त्या स्वतःशी आकडे पुटपुटत मोजमाप घेत होत्या. मी आत ताठून बसलो होतो. इतक्या दिवसांत मला शोधत आलेलं हे पहिलंच माणूस.

"चैताली, तुमच्या जुन्या वणात एक खाच आहे," त्या म्हणाल्या. "तिथं पिशवीची भिंत पातळ राहिली आहे. तुम्ही शिवणकाम करता ना? अस्तर शिवणीत सापडलं की शिवण कशी बसते?"

"बसतच न्हाय मॅडम. फुगीर ऱ्हाती, मग उसवती." मग चैतालीनं विचारलं, "म्हंजे त्या डॉक्टरनं वाईट शिवलं का?"

"तसं म्हणता येणार नाही. एकेरी शिवलेले कितीतरी वण छान भरतात. दुहेरी शिवूनही एखादा पातळ राहतो. कुणाचं अंग कसं भरून येतं, तेही असतंच. आमच्यातही यावर अजून वाद चालू आहे. पण दोन थरांत शिवलं, अस्तर बाहेर ठेवलं आणि दोरा फार आवळला नाही, तर भिंत जाड भरायची शक्यता जास्त, असं बऱ्याच जणांना आढळलंय."

ऐकलंत? माझ्यावर मोठमोठे डॉक्टर वाद घालतात! धाकट्या बंधूंवर घालतं का कुणी? पण माझा हा आनंद फार टिकला नाही, कारण मॅडमचा आवाज बदलला.

"पुन्हा दिवस राहिले तर पहिल्यापासून माझ्याकडं यायचं. या वणाला कळा सोसतील असं मला वाटत नाही. म्हणून आपण कळा यायच्या आधीचीच तारीख ठरवू. आणि तारीख ठरली तरी, इथं खाली दुखायला लागलं तर तारीख विसरायची आणि तडक यायचं. हा वण फाटला तर बाळ आणि तुम्ही, दोघांच्या जिवावर बेतेल. कळलं?"

"व्हय," चैताली म्हणाली.

ते 'व्हय' मी घट्ट धरून ठेवलं.

पुढं खरंच दिवस राहिले. बाळ वाढू लागलं तसा मी ताणू लागलो. सुरुवातीला गुदगुल्या, मग ओढ, मग रोजचीच धाकधूक. बाळानं पाय मारला की माझ्या काळजात धस्स व्हायचं. रात्रंदिवस एकच विचार, टिकेन ना मी? चैताली झोपायची, सुमित झोपायचा, मला कुठली झोप!

सुमित म्हणजे चैतालीचा नवरा. विमा कंपनीच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि गल्लीतल्या जयंती मंडळाचा सेक्रेटरी. एप्रिल लागला. सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, पत्र्यावर पापड भाजून निघतील. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, बाळ पूर्ण वाढलंय, आता या आठवड्यातला कुठलाही दिवस घेऊ.

सुमित लगेच म्हणाला, "मग चौदा एप्रिल द्या की मॅडम!"

बाबासाहेबांच्या जयंतीला आपलं बाळ जन्मावं, हे त्याचं लग्नापासूनचं स्वप्न. मॅडम हसल्या. "चालेल, सुट्टी असली तरी मी येईन. पण माझी अट लक्षात आहे ना?"

अट कुणाच्या लक्षात राहणार! सुमितनं बाहेर पडताच मंडळाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, सेक्रेटरीच्या घरी जयंतीला बाळ येणार. पेढ्यांची ऑर्डर गेली. कुणी निळे फुगे आणले. चैतालीनं घरच्या मशीनवर बुद्धप्रियासाठी पांढरा फ्रॉक बेतला आणि येणाऱ्या बाळासाठी एक इवलंसं पांढरं झबलं शिवून ठेवलं. सगळं घर आनंदात होतं. मी एकटा कातावलेला.

आणि जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी माझा उजवा कोपरा सुटायला लागला.

मित्रांनो, मला तोंड नाही. माझी भाषा एकच, कळ. मी एक कळ दिली. चैताली ओट्यापाशी थबकली, पोटाखाली हात धरला आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. मी दुसरी दिली, जोरात. ती ओठ चावून मशीनवर जाऊन बसली. तिला कळत होतं हो! तिला मॅडमचा शब्द न् शब्द आठवत होता. पण बाहेर गल्लीत सुमित शिडीवर चढून निळ्या पताका बांधत होता आणि गाणं गुणगुणत होता. एकच दिवस, ती पुटपुटली, उद्या सकाळी जायचंच आहे की. अगं पण उद्या सकाळपर्यंत धरायचं कुणी? मी! आणि माझ्याजवळ उरलं होतं काय? कांद्याच्या पापुद्र्याएवढी जाडी.

केसरबाईंनी तिचं तोंड बघितलं. "काय गं, चेहरा का असा उतरलाय?"

"काय न्हाय आत्या. गॅस झालाय."

केसरबाईंनी ओवा आणि काळं मीठ आणून दिलं. ओवा! ओव्यानं कधी उसवती शिवण टिकली आहे का? मी आत नुसता तडफडत होतो. हिनं खोटं बोलावं आणि त्यांनी ते खरं मानावं!

तेवढ्यात बुद्धप्रिया गेल्या वर्षीचा पांढरा फ्रॉक घालून नाचत आली. नवा होईपर्यंत तिला धीर नव्हता. फ्रॉक अंगाला घट्ट झालेला, काखेजवळ ओढ बसलेली. चैतालीनं तो काढून घेतला. कारखान्यात तिला सवयच आहे, शिवलेला कपडा दोन्ही हातांनी ताणायचा आणि उजेडाकडं धरून शिवण बघायची. तिनं तसंच केलं असावं. कारण केसरबाईंनी विचारलं, "काय बगालीस एवढं?"

"शिवण बगालीय आत्या. वरनं बरी दिसालीय. पर ताणली की मधनं उजेड दिसालाय. धागं धरून हायत नुसतं. आज न्हाय तर उद्या..."

आणि ती तिथंच थांबली. तिचा हात सावकाश खाली माझ्यावर आला. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी होती नव्हती ती सगळी कळ एकदम दिली.

"आत्या," ती म्हणाली. "गॅस न्हाय. सकाळपास्नं दुखालंय. मॅडमनी सांगितल्यालं तितंच."

"आन् आत्ता सांगालीस व्हय?" केसरबाई ओरडल्याच. "वरनं मला ओवा आणाय लावलीस!"

"उद्यापतोर थांबावं म्हणलं. ह्यांनी समद्यास्नी सांगितलंय. तेंचं तोंड उतरंल..."

केसरबाईंनी दारातूनच हाक मारली. सुमित शिडीवरून उतरून आत आला. सगळं ऐकून तो गडबडला. तोही घाबरला होता, पण माणूस घाबरला की ठरलेल्यालाच चिकटून बसतो. म्हणाला, "उद्या सकाळचं ठरलंय की आई. जरा पडून ऱ्हायली तर..."

"सुमित!" केसरबाईंचा तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. "जयंती दर वर्षाला येती. ही गेली तर कुटनं आणणार हाईस? बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते कशाला? डॉक्टरनं शिकून सांगितल्यालं ऐकायचं न्हाय, तर नुसत्या पताका बांधून काय करायचं? रिक्षा आण जा!"

सुमितनं चप्पलसुद्धा घातली नाही.

ती रिक्षा, ते खड्डे, बाप रे! नवी पेठेत पांढऱ्या कपड्यांच्या खरेदीला अशी गर्दी की मुंगीला वाट नव्हती. रिक्षा अडली. सुमित उतरला आणि अनवाणी पुढं चालत लोकांना हात जोडत सुटला, "बाळंतपणाची बाई हाय हो, वाट द्या, वाट द्या!" लोक बाजूला झाले, एकानं आपली मोटारसायकल उचलून दुकानाच्या पायरीवर चढवली. केसरबाईंनी चैतालीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. प्रत्येक गतिरोधकाला मी स्वतःला म्हणत होतो, धर बाबा, अजून जरा धर. मला माझी पर्वा नव्हती. माझ्या पलीकडं एक जीव माझ्या भरवशावर होता.

मग दिवे. मला दिसत नाहीत, पण त्यांची ऊब कितीतरी वर्षांनी लागली. मॅडमनी पोट उघडलं, माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांचा हात थांबला.

"इकडं बघा," त्या हळूच म्हणाल्या. "बाळाचे केस दिसतायत."

खरं होतं ते. माझ्यातून आरपार काळे केस दिसत होते. मी इतका पातळ झालो होतो. उजव्या कोपऱ्याला तर काही उरलंच नव्हतं. "उद्यापर्यंत थांबल्या असत्या तर..." मॅडमनी वाक्य अर्धंच सोडलं आणि बाळ बाहेर घेतलं. मुलगी! थोरल्या बहिणीपेक्षा दुप्पट जोरात ओरडली. मला रडता येत असतं तर मीही ओरडलो असतो.

त्यानंतर मॅडमनी माझे पातळ, फाटके काठ कापून टाकले. मी घाबरलो, संपलो म्हणालो. पण कडेचा चांगला, जाड भाग त्यांनी ठेवला. मग शिवायला घेतलं. अस्तर बाहेर ठेवून पहिला थर. काठाला काठ, समोरासमोर. फास नाही. "दोरा हलका धर, आवळू नको," त्या मदतनीस डॉक्टरला म्हणाल्या. रक्त थांबलंय याची खात्री केली आणि वरून दुसरा थर घातला. उभ्या जन्मात मला पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी जयंती. खिडकीतून ढोल-ताशा ऐकू येत होता, 'जय भीम'चे आवाज येत होते. सुमित बाळाला घेऊन खिडकीशी उभा राहिला, जरा खट्टू झालेला. केसरबाई म्हणाल्या, "तोंड पाडून का उभा हाईस? आज जन्मली असती तर जयंती कधी बगितली असती? म्हणून आदल्या दिवशीच आली की शाणी!" सुमित हसला आणि मग एकदम रडायलाच लागला.

तेवढ्यात मॅडम तपासायला आल्या. नर्सनं पट्टी बदलली आणि म्हणाली, "किती छान टाके आलेत, बाहेरून कळणारसुद्धा नाही." झालं, पुन्हा आमच्या धाकट्या बंधूंची आरती सुरू! मी मान फिरवून बसलो होतो.

चैताली म्हणाली, "ते वरचं ऱ्हाऊ द्या हो. मॅडम, आतलं कसं शिवलंय?"

मित्रांनो, खरं सांगतो, मला भरून आलं. एवढी वर्षं मी या एका प्रश्नासाठी तळमळत होतो.

"दोन थरांत शिवलंय, नीट," मॅडम म्हणाल्या. "पण शिवणं माझ्या हातात, भरणं वेळेच्या. खात्री मी आत्ता देत नाही. काही महिन्यांनी सोनोग्राफी करून बघू. तोवर ओझं उचलायचं नाही, आणि दुखलं तर गॅस म्हणायचं नाही."

आता आम्ही घरी आहोत. बायका बाळाला बघायला येतात. परवा एकीनं सवयीनं पदराला हात घातला, "बगू टाकं!" केसरबाईंनी तिचा हात धरला. "वरचं काय बगालीस? आतलं भरायचंय अजून तिचं. बस, च्या घे, आन् तिला पडू दे." पाण्याच्या बादल्या आता सुमित भरतो. गल्लीतले लोक हसतात, तो हसू देतो.

माझी धाकधूक संपली असं समजू नका. दोरा पुन्हा विरघळायला लागलाय, पुन्हा मलाच धरायचंय, आणि मी कसा भरतोय ते माझं मलाही ठाऊक नाही. पण तुम्हाला हात जोडून सांगतो. तुमच्यातली कितीतरी मुलं माझ्यासारख्याच एखाद्या दारातून या जगात आली आहेत. तो वण तुमच्या आईच्या पोटात अजून आहे. ती हसते, डबा भरून देते, धावपळ करते, म्हणून तिला काही दुखत नाही असं धरून चालू नका. तिला विचारा. आणि ती 'काही नाही' म्हणाली, तर अजून एकदा विचारा.

काल संध्याकाळी बुद्धप्रिया आईच्या कुशीत चढायला आली आणि मधेच थांबली. तिनं पोटावर अगदी हलका हात ठेवला. नेमका माझ्यावर.

"आई, बाळ तर बाहेर आलं. मग आजी म्हणती, आतलं भरायचंय. आत अजून कोण हाय?"

"वण हाय," चैताली म्हणाली. "त्यानंच बाळाला धरून ठेवलं हुतं."

बुद्धप्रियानं तोंड पोटाशी आणलं आणि मलाच विचारलं, "तुला दुखालंय का रे?"